उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार: सोलापुरातील नोकरदार आई-वडिलांनी मुलांची सोय कशी ठरवावी

एप्रिल उजाडला की सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रस्ता अशा भागांत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. चित्रकला, स्केटिंग, अबॅकस, नृत्य, संस्कार वर्ग यांपैकी काय निवडावे यावर घरोघर चर्चा होते, पैसे भरले जातात, आणि मेच्या पहिल्या सोमवारी ध्यानात येते की शिबिर सकाळी सात ते नऊ आहे, कार्यालय दहा ते सहा आहे, आणि मधल्या वेळी मूल कुठे असणार हे कोणी ठरवलेलेच नाही. आमच्या घरी हे दोन वर्षे ओळीने घडले. तिसऱ्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला: आधी दुपार पक्की केली, मग शिबिराचा विचार केला. या लेखातील सगळ्या सूचना त्याच क्रमाने दिल्या आहेत.

सोलापुरात हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलांना मैदानावर किंवा गच्चीवर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. शिबिरे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरतात ती याच कारणाने, आणि तसे भरवणे योग्यच आहे. परंतु त्यामुळे शिबिर हे मुलांना सांभाळण्याची सोय ठरत नाही. तो एक छंदवर्ग असतो आणि त्याकडे तेवढ्याच अपेक्षेने पाहावे.

आधी तासांचा हिशेब

राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी साधारणपणे मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपास असते. सीबीएसईच्या शाळांचे वेळापत्रक वेगळे असल्यामुळे दोन भावंडे दोन मंडळांच्या शाळांत असतील तर दोघांच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून घ्याव्यात. वार्षिक परीक्षा संपल्यापासून प्रत्यक्ष सुट्टी लागेपर्यंतचे दिवसही या हिशेबात धरावेत, कारण त्या काळात शाळा नावापुरती आणि सकाळचीच असते, आणि मूल साडेदहा-अकराला घरी येऊन उभे राहते.

मोठ्या कागदावर सहा आठवड्यांचे चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनात तीन रकाने ठेवावेत: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आई आणि वडील या दोघांच्या रजा, साप्ताहिक सुट्ट्या, पाळी असेल तर पाळीच्या वेळा, बँकेत असाल तर दुसरा आणि चौथा शनिवार, हे सगळे त्यात भरावे. आजोळी जाण्याचे दिवस भरावेत. लग्नसराई असल्यामुळे लग्नाचे दिवसही भरावेत, कारण त्या दिवशी आपण जसे गावाला जाणार तशाच मूल सांभाळणाऱ्या मावशीही जाणार असतात. एवढे केल्यावर जे रकाने रिकामे राहतात तेवढ्यांसाठीच सोय शोधायची आहे. बहुतेक घरांत ते सहाही आठवडे नसून तीन-साडेतीन आठवड्यांच्या दुपारीच असतात, आणि तेवढ्यासाठी पूर्ण दोन महिन्यांचे पैसे भरण्याची गरज नसते.

या कागदावर एक गोष्ट हमखास दिसते: रजा फक्त आईच्याच नावापुढे लिहिलेल्या असतात. ती दुरुस्ती त्याच बैठकीत करावी.

वय पाहून पर्याय गाळावेत

सहा वर्षांखालील मुलासाठी पाळणाघर, आजी-आजोबा किंवा घरी येऊन सांभाळणारी व्यक्ती एवढेच खरे पर्याय आहेत. सहा ते दहा या वयातील मूल पाळणाघरात कंटाळते, कारण तेथे बहुतेक मुले त्याच्याहून लहान असतात. त्याच्यासाठी त्याच्या वयाची निदान दोन-तीन मुले असलेले ठिकाण शोधावे. अकरा वर्षांनंतर मूल पाळणाघरात जायला साफ नकार देते, आणि तो नकार ऐकून घेण्यासारखा असतो. त्या वयाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आजी-आजोबा आणि आजोळ

सोलापुरातील बहुतेक घरांत हा पहिला पर्याय असतो आणि तोच सर्वांत कमी तपासला जातो. आजीला विचारले की ती ‘असू दे की, मी आहे की’ असेच म्हणणार. म्हणून तिला ‘सांभाळशील का’ असे विचारण्याऐवजी ‘दुपारी तुझी झोप किती वाजता असते, गोळ्या कधी घ्यायच्या असतात, दोन जिने चढून नातवाच्या मागे जाता येईल का’ असे नेमके विचारावे. सत्तरीच्या आजीवर चार वर्षांचे मूल सलग नऊ तास सोपवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. दुपारी तीन-चार तासांसाठी एखादी कॉलेजातील मुलगी किंवा शेजारच्या काकू मदतीला ठेवल्या तर आजीचे असणे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मदतीसाठी कोणालाही ठेवताना वय नक्की विचारावे. चौदा वर्षांखालील मुलीला घरकामाला किंवा मूल सांभाळायला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, मग ती नात्यातली किंवा गावाकडची ‘अशीच आलेली’ असली तरी.

मूल मामाच्या गावाला पाठवायचे असेल तर अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा यांपैकी कोणतेही गाव असो, तीन गोष्टी आधी फोनवर बोलून घ्याव्यात. पहिली विहिरीची. गावाकडे मुले पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पोहायला शिकतात आणि तो आनंद शहरातील कोणत्याही तरण तलावात मिळत नाही. परंतु कोण शिकवणार, तो मोठा माणूस स्वतः पाण्यात उतरणार का, आणि त्याच्याशिवाय कोणीही विहिरीकडे फिरकायचे नाही हे मुलालाही मामासमोर सांगितलेले आहे का, एवढे स्पष्ट असावे. दुसरी गोष्ट शेततळ्याची. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्याच्या कडा इतक्या निसरड्या असतात की पोहता येणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही, त्यामुळे तेथे जाण्यास सरसकट बंदी असावी. तिसरी, विंचू-साप चावल्यास सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते आणि रात्री तेथे नेण्यासाठी कोणाची गाडी मिळेल.

पाळणाघर पाहायला दुपारी दोन वाजता जावे

पाळणाघर चालवणाऱ्या बाई आपल्याला बहुधा संध्याकाळी सहाला बोलावतात. तेव्हा हवा बरी असते, निम्मी मुले घरी गेलेली असतात आणि फरशी नुकतीच पुसलेली असते. परवानगी घेऊनच, परंतु दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान जावे. आमच्या एका अनुभवात संध्याकाळी अत्यंत नीटनेटके वाटलेले ठिकाण दुपारी पाहिले, तेव्हा पत्र्याच्या खोलीत चौदा मुले एका मोबाइलभोवती बसलेली होती आणि सांभाळणारी एकच मावशी भिंतीला टेकून झोपली होती. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. एवढ्या मुलांमागे तिला एकटीला ठेवणाऱ्याचा तो दोष होता. दुपारच्या भेटीत पुढील बाबी पाहाव्यात.

छत पत्र्याचे आहे की स्लॅबचे, हे आधी. पत्र्याखालची खोली दुपारी तापलेल्या तव्यासारखी होते आणि पंखा फक्त गरम हवा फिरवतो. वरचा मजला असेल तर स्लॅबवरही हात लावून पाहावा. कूलर असेल तर तो लोखंडी आहे की प्लॅस्टिकचा, वायर कुठे जोडली आहे, अर्थिंग आहे का, हे विचारायला संकोच करू नये. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरला हात लावणे हा उन्हाळ्यातील अगदी खरा धोका आहे. कूलर मुलांच्या हाताला लागणार नाही असा खिडकीबाहेर बसवलेला असावा आणि त्यात पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढण्याची सवय त्या घराला असावी. वीज गेल्यावर काय करतात, हेही विचारावे.

मग पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि म्हणून प्रत्येक घरात ते साठवलेले असते: जमिनीखालचा हौद, सिंटेक्सची टाकी, पिंप, मोठाले टब. आपल्याला या दृश्याची इतकी सवय झालेली असते की त्यातला धोका दिसेनासा होतो. दोन वर्षांचे मूल वीतभर पाणी असलेल्या टबातही बुडू शकते. हौदाला झाकण आहे का, ते मुलाला उचलता येणार नाही एवढे जड आहे का किंवा त्याला कडी आहे का, न्हाणीघराचे दार बाहेरून बंद राहते का, आणि पाणी येण्याच्या दिवशी, म्हणजे घरातील सगळी माणसे पाइप आणि घागरी घेऊन धावत असताना, मुलांजवळ कोण असते, हे पाहावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्या तासाभरात सगळे घर पाण्यामागे असते. पिण्याचे पाणी कुठे ठेवतात आणि भांडे झाकलेले असते का, हे डोळ्यांनी पाहावे. तरीही मुलासोबत घरची बाटली द्यावीच.

मुलांची संख्या विचारण्याऐवजी मोजावी. नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्र शासनाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वीस मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असे प्रमाण धरले आहे. घरगुती पाळणाघर त्या सूचनांखाली येत नसले तरी तुलना करायला हे माप उपयोगी पडते. माझ्या मते ते किमान आहे. सुट्टीत वेगवेगळ्या वयांची नवी मुले एकत्र येतात तेव्हा याहून अधिक हात लागतात. आणखी एक गोष्ट विचारावी: वर्षभर येणारी मुले किती आणि केवळ सुट्टीपुरती किती वाढणार? मार्चमध्ये आठ मुले पाहून आपण होकार देतो आणि मेमध्ये तेथे वीस मुले झालेली असतात.

गच्चीचे दार, जिन्याचा कठडा, गॅसची शेगडी, औषधांचा डबा, फिनेल आणि अॅसिडच्या बाटल्या या नेहमीच्या गोष्टी कोणीही पाहील. पूर्व भागात घरातच माग चालत असेल तर माग आणि मुलांची खोली यांच्यामध्ये बंद दार हवे. आणि घरात विड्या वळल्या जात असतील तर तंबाखूचे सूप लहान मुलांच्या हाताला लागत नाही ना आणि त्याची धूळ त्याच खोलीत उडत नाही ना, हे सौजन्याने विचारावे. त्या बायांच्या कष्टावर हा आक्षेप नाही. अशा कितीतरी घरांनी शेजारची मुले मायेने वाढवली आहेत. सांभाळणाऱ्या मावशी तेलुगू किंवा कानडी बोलत असतील तर त्याची काळजी करू नये. आमची धाकटी अशाच एका सुट्टीत तेलुगूत भांडायला शिकून आली आणि ते तिला अजून विसरता आलेले नाही. काळजी एवढीच घ्यावी की ‘दुखतंय’, ‘शू आली’, ‘पाणी’ हे मूल ज्या शब्दांत सांगते ते शब्द मावशींना माहीत आहेत.

माणसांबद्दलचे प्रश्न

जागा पाहून झाल्यावर माणसे पाहावीत आणि येथे भिडस्तपणा बाजूला ठेवावा. दुपारी घरात आणखी कोण-कोण असते? भाडेकरू, दीर, मोठी मुले, दूधवाला, कोणाचे येणे-जाणे आहे? मुलाला शी-शूला कोण नेते? बाई बाजारात गेल्या तर मागे कोण असते? प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि राग आलाच तर तेही एक उत्तर आहे. घरी येऊन सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या आधार कार्डाची प्रत, छायाचित्र आणि कायमचा पत्ता घ्यावा, पूर्वी जेथे काम केले त्या घरी स्वतः बोलावे आणि आपल्या भागातील पोलीस ठाण्यात चारित्र्य पडताळणीबाबत विचारणा करावी. ती व्यक्ती कितीही ओळखीची असली तरी.

मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे लिहून द्यावीत आणि त्या यादीबाहेरच्या कोणाही ‘काकां’कडे मूल देऊ नये असे सांगावे. शाळेचे रिक्षावाले काका सुट्टीत नसतात, म्हणून नव्या रिक्षाचा क्रमांक आणि चालकाचे नाव टिपून ठेवावे. भर दुपारी मुलाला एकट्याने रिक्षातून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाठवावे लागत असेल, तर ते पाळणाघर कितीही चांगले असले तरी आपल्यासाठी नाही. घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आतले मध्यम ठिकाण अधिक बरे.

सरकारी सोयीही विचारून पाहाव्यात. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवण्याची तरतूद आहे. आपल्या भागात असे केंद्र आहे का, हे अंगणवाडी सेविकांकडून कळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावे, ही तरतूद प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. आपल्या कंपनीत किंवा रुग्णालयात ती सोय नसेल तर एकटीने मागण्यापेक्षा चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून लेखी मागावी.

पैसे तासावर मोजावेत

शुल्काची तुलना नेहमी तासावर करावी. समजा, दहा दिवसांचे रोज दोन तासांचे शिबिर दोन हजार रुपयांना आहे. म्हणजे तासाला शंभर रुपये पडले. समजा, पाळणाघर महिन्याला तीन हजार घेते आणि मूल तेथे पंचवीस दिवस रोज आठ तास असते. म्हणजे तासाला पंधरा रुपये. आकडे आपापले घालावेत, पण हा हिशेब मांडला की ‘पाळणाघर महाग आहे’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारले जात नाही, आणि पंधरा रुपये तासाने मूल सांभाळणाऱ्या बाईशी शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करण्याची लाजही वाटू लागते.

पैसे भरण्यापूर्वी साध्या कागदावर लिहून घ्यावे: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वेळा, उशीर झाल्यास किती जादा, मूल आजारी पडून चार दिवस आले नाही तर काय, त्यांनीच बंद ठेवले तर काय, अनामत किती आणि ती कधी परत. जेवण त्यांचे की आपले, हेही लिहावे. उन्हाळ्यात सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकपर्यंत आंबतो. दहीभात किंवा नारळाची चटणी देऊ नये. भाकरी, शेंगाचटणी, कोरडी भाजी टिकते. शेंगांची ॲलर्जी असणारी मुले असतात, तेव्हा आपले मूल तसे असेल तर ते लाल शाईने लिहावे, कारण सोलापुरातील स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट कशात नाही ते सांगणे कठीण.

त्याच कागदाच्या मागे आई-वडिलांचे क्रमांक, तिसऱ्या नातेवाइकाचा क्रमांक, नेहमीचे डॉक्टर, रक्तगट आणि ‘आम्हाला विचारल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये’ ही सूचना असावी. उन्हाचा त्रास होण्याची लक्षणे मावशींशी बोलून घ्यावीत: मूल मलूल होणे, अंग तापूनही घाम न येणे, बरळणे, उलट्या. अशा वेळी सावलीत आणून कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि थांबून न राहता डॉक्टरकडे न्यावे. ओआरएसची पाकिटे आपणच देऊन ठेवावीत. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बेशुद्धावस्थेत किंवा गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतू नये.

सुट्टीआधीचे तीन दिवस

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलाला नव्या ठिकाणी नऊ तासांसाठी सोडू नये. एप्रिलच्या शेवटी, शाळा सकाळची असताना, एक दिवस तासभर, दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी झोपेनंतरपर्यंत ठेवून पाहावे. पहिल्या दिवशी रडणे स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशीही रडणे, विशिष्ट माणसाचे नाव काढताच गप्प होणे, झोपेत दचकणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, अंगावर न समजणारे व्रण, यांपैकी काहीही दिसले तर आधी मूल घरी ठेवावे आणि मग चौकशी करावी. ‘आज काय केलंस’ या प्रश्नाला मुले ‘काही नाही’ म्हणतात. ‘आज कोण रडलं, कोणाला ओरडा बसला, झोपताना कोणाच्या शेजारी होतास’ असे विचारले की सगळे बाहेर येते. चांगला आणि वाईट स्पर्श याविषयी घरातच, साध्या शब्दांत, आधी बोललेले असावे. मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८ आणि तातडीसाठी ११२ मोठ्या मुलांना पाठ असावेत.

अकरा वर्षांनंतर

या वयातील मुलाला दुपारी घरी एकटे ठेवावे का? थोडा वेळ, रोज सवय करून, आणि शेजारी विश्वासाचे घर असेल तरच. धाकट्या भावंडाला त्याच्यावर सोपवून जाणे मात्र टाळावे. बारा वर्षांच्या मुलीला आई करून टाकण्याची आपली जुनी खोड आहे. गॅस लावायचा नाही, दार उघडायचे नाही, घराबाहेर जाण्यापूर्वी फोन करायचा, एवढे नियम पुरेत. वीस नियम केले तर एकही पाळला जात नाही. दुपारच्या वेळी चार घरांनी पाळीपाळीने मुले सांभाळण्याची पद्धत या वयासाठी सर्वांत चांगली चालते: चार कुटुंबांपैकी प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस, जमल्यास अर्धी रजा घेऊन, चारही घरांतील मुलांना आपल्या घरी ठेवायचे, आणि उरलेले दिवस आपापल्या रजांनी भरून काढायचे. कॅरम, पत्ते आणि कैरी एवढ्यावर ती दुपार निघते. संध्याकाळी भुईकोट किल्ल्याची बाग किंवा सिद्धेश्वर तलावाचा काठ आहेच. वाचणारे मूल असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासदत्व शिबिरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

शिबिर आता निवडावे, दुपार पक्की झाल्यावर आणि मुलाला विचारून. एकच घ्यावे. पोहण्याचे असेल तर एका प्रशिक्षकामागे मुले किती आणि जीवरक्षक वेगळा आहे का, एवढे पाहून मग वेळ आणि शुल्क पाहावे.

मावशी आजारी पडतील तो दिवस कोणाचा, हे चौकोनांच्या कागदावर आधीच लिहून ठेवावे: पहिल्यांदा आईचा, दुसऱ्यांदा वडिलांचा, तिसऱ्यांदा आत्याचा. शाळा उघडण्यापूर्वी चार-पाच दिवस मुलांची झोप आणि जेवण शाळेच्या वेळेवर आणायला मावशींना सांगावे, अनामत आणि दिलेले कपडे-डबे परत घ्यावेत, घराची किल्ली दिली असेल तर तीही घ्यावी, आणि काम समाधानाचे झाले असेल तर त्याच दिवशी दिवाळीच्या सुट्टीतील तारखा मावशींकडे बोलून ठेवाव्यात. तोपर्यंत थांबलात तर ती जागा दुसऱ्या कोणीतरी धरलेली असते.